वरची रेषा, खालची रेषा आणि मधली सहा वर्षं

२८ ऑगस्ट २०२५ ला दुपारी सव्वाएक वाजता माझा पीएच.डी.चा व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, संपला. प्रवेश घेतला होता जुलै २०१९ मध्ये, म्हणजे सहा वर्षं आणि वर एक महिना. विषय होता वायरलेस नेटवर्कची कपॅसिटी: एकाच हवेत अनेक जण बोलत असताना माहिती जास्तीत जास्त किती वेगाने पोचवता येईल, याची गणिती मर्यादा. मी सुरुवात केली तेव्हा या विषयात पीएच.डी. करताना दिवस कसे जातात, कागद कुठे अडतात, पैसे कुठे संपतात हे सांगणारं कुणी ओळखीचं नव्हतं. डायरी लिहायची सवय असल्यामुळे तारखा हाताशी आहेत. ज्यांचं दुसरं-तिसरं वर्ष चालू आहे आणि हातात काहीच लागत नाहीये असं वाटतंय, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहिते आहे.

बाबांचं कराडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. लहानपणी रात्री दुकान बंद करायच्या आधी ते सांगली केंद्र लावून बसायचे, आणि हमखास मध्येच दुसरं एखादं स्टेशन त्यावर चढायचं. रात्री मीडियम वेव्हची लांबची स्टेशनं पोचतात, त्यामुळे असं व्हायचंच. बाबा म्हणायचे, "खरखर असली तर काही करता येत नाही. पण हे दुसरं स्टेशन आहे, ह्याला शब्द आहेत." तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. पुढे माझा अख्खा प्रबंध या वाक्यावर उभा राहिला. नॉइजला, म्हणजे खरखरीला, अर्थ नसतो. इंटरफिअरन्सला, म्हणजे मध्ये घुसलेल्या दुसऱ्या सिग्नलला, असतो, कारण तोही कुणाचातरी निरोप असतो. आणि ज्याला अर्थ आहे, ते समजून घेऊन वजा करता येतं.

विषय थोडा उलगडून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली दाखवून दिलं की प्रत्येक चॅनेलला, म्हणजे निरोप जायच्या वाटेला, एक ठरलेली कपॅसिटी असते. त्या वेगाच्या खाली राहिलात तर चुका हव्या तितक्या कमी करता येतात, वर गेलात तर कितीही हुशारी केली तरी चुका होणारच. साध्या नॉइजच्या चॅनेलसाठी त्यांचं सूत्र सोपं आहे: सिग्नल आणि नॉइज यांच्या गुणोत्तरात एक मिळवा, त्याचा दोनच्या पायाचा लॉग घ्या आणि बँडविड्थने, म्हणजे वापरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याच्या रुंदीने, गुणा. २० मेगाहर्ट्झचा वायफाय चॅनेल धरा, सिग्नल नॉइजच्या शंभर पट. उत्तर सेकंदाला साधारण १३३ मेगाबिट. आता पॉवर दुप्पट करा. वेग दुप्पट होत नाही, १५३ च्या आसपास जातो. पहिल्यांदा हे आकडे हाताने काढले तेव्हा मी कितीतरी वेळ वहीकडे बघत बसले होते.

एक पाठवणारा आणि एक घेणारा, एवढंच असेल तर हा प्रश्न जवळपास सुटलेला आहे. चुका दुरुस्त करणारे टर्बो कोड १९९३ मध्ये आले, नंतर एलडीपीसी हे जुने कोड पुन्हा वर आले, २००९ मध्ये अरिकान यांचे पोलर कोड आले, आणि आज ५जी मध्ये डेटासाठी एलडीपीसी आणि कंट्रोलसाठी पोलर वापरतात. पण मध्ये तिसरा माणूस आणला की गणित अडतं. पाठवणारा, घेणारा आणि निरोप पुढे पोचवायला मदत करणारा एक रिले, एवढ्या तीन जणांच्या चॅनेलची सर्वसाधारण कपॅसिटी अजून कुणालाही माहीत नाही, आणि तो प्रश्न १९७१ पासून मांडलेला आहे. दोन जोड्या एकाच वेळी बोलताहेत, हा इंटरफिअरन्स चॅनेलही तसाच. १९७५ मध्ये कार्लेयल यांनी दाखवलं की दुसऱ्याचा आवाज फारच मोठा असेल तर काहीच नुकसान होत नाही: आधी त्याचं बोलणं पूर्ण समजून घ्या, वजा करा, मग आपलं ऐका. आवाज अगदी बारीक असेल तर त्याला खरखरीसारखं सोडून देता येतं. खरा छळ मधल्या आवाजाचा. समजण्याइतका मोठा नाही, सोडून देण्याइतका लहान नाही. १९८१ मध्ये हान आणि कोबायाशी यांनी निरोपाचे दोन तुकडे करायची युक्ती दिली, एक दोघांनाही समजेल असा आणि एक फक्त आपल्या माणसासाठी. आणि २००८ मध्ये एटकिन, त्से आणि वांग यांनी सिद्ध केलं की ती युक्ती नीट वापरली तर खऱ्या कपॅसिटीपासून आपण प्रत्येकामागे फार तर एक बिट लांब असतो.

या क्षेत्रात काम म्हणजे दोन रेषा. खालची रेषा म्हणजे "एवढा वेग नक्की जमतो, ही घ्या पद्धत." तिला अचीव्हेबिलिटी म्हणतात. वरची रेषा म्हणजे "यापेक्षा जास्त कुणालाही, कुठल्याही पद्धतीने, कधीही जमणार नाही." ती कॉन्व्हर्स. दोन्ही भेटल्या की कपॅसिटी सापडली. नाही भेटल्या तर मधली जागा म्हणजे गॅप. माझी सहा वर्षं या गॅपमध्ये गेली.

पहिलं वर्ष कोर्सवर्कचं. इन्फर्मेशन थिअरी, प्रोबॅबिलिटी, रिअल अ‍ॅनालिसिस, ऑप्टिमायझेशन. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना रिअल अ‍ॅनालिसिस टाळायचा मोह होतो, तो टाळू नका. पुढे प्रत्येक सिद्धता तिथेच येऊन उभी राहते. स्टायपेंड तेव्हा महिन्याला ३१,००० होता, दोन वर्षांनी ३५,०००. जून २०२३ मध्ये नवे दर जाहीर झाले, जानेवारीपासून लागू, म्हणजे ४२,०००, आणि अरिअर्स बऱ्याच महिन्यांनी आले. स्टायपेंड दर महिन्याला वेळेवर येईल असं धरून कर्जाचे हप्ते लावू नका. माझा एकदा सलग तीन महिने आला नव्हता आणि मेसचे पैसे भावाने भरले.

मार्च २०२० मध्ये दोन दिवसांत हॉस्टेल रिकामं करायला सांगितलं. मी कराडला आले ती जवळजवळ दीड वर्ष तिथेच राहिले. दुकान बंद होतं. बाबांच्या वर्कबेंचवर, सोल्डरिंग आयर्न बाजूला सारून, मी गुप्ता आणि कुमार यांचा २००० सालचा पेपर वाचला. त्यांचा प्रश्न असा: एका मैदानात एन रेडिओ विखुरले, प्रत्येकाला दुसऱ्या कुणाशी तरी बोलायचंय, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती वेग येतो? उत्तर उदास करणारं आहे. माणसं वाढतील तसा प्रत्येकाचा वाटा एन गुणिले लॉग एन याच्या वर्गमुळाने भागल्यासारखा घटत जातो. ढोबळमानाने, माणसं चौपट केली तर प्रत्येकाचा वेग अर्ध्याहूनही थोडा खाली. कारण साधं आहे. लांबचा निरोप हातोहात पुढे सरकवायचा, आणि प्रत्येक जण स्वतःच्या कामापेक्षा दुसऱ्यांचे निरोप वाहण्यातच जास्त वेळ घालवतो.

क्वालिफायर, म्हणजे पीएच.डी. पुढे चालू ठेवण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा, नोव्हेंबर २०२० मध्ये ऑनलाइन झाला. डब्यांच्या चळतीवर मोबाईल उलटा ठेवून खाली कागद, असा माझा फळा होता. तासभर सगळं बरं चाललं, मग एका प्राध्यापकांनी विचारलं, "हा लॉग एन कुठून आला?" मला सांगता आलं नाही. खरं उत्तर असं की यदृच्छेने विखुरलेल्या रेडिओंपैकी एकही एकटा पडू नये म्हणून प्रत्येकाची रेंज थोडी जास्त ठेवावी लागते, आणि त्या जास्तीची किंमत म्हणजे तो लॉग. २००७ मध्ये फ्रान्चेस्केत्ती आणि सहकाऱ्यांनी पर्कोलेशन थिअरी (विखुरलेल्या ठिपक्यांतून सलग वाट कधी तयार होते, याचं गणित) वापरून तो काढून टाकला: सगळ्यांनी जोडलेलं असण्याची गरज नाही, मधून एक हायवे गेला आणि बाकीच्यांनी त्यावर येऊन मिळायचं ठरवलं की झालं. मी पास झाले, पण त्या रात्री नीट जेवले नाही. तेव्हापासून एक सवय लावून घेतली. कुठलंही सूत्र वाचलं की त्यातला प्रत्येक तुकडा कशामुळे आहे हे एका ओळीत लिहायचं. लिहिता आलं नाही तर ते सूत्र आपल्याला आलेलं नाही असं समजायचं.

जानेवारी २०२१ मध्ये सरांशी, म्हणजे माझ्या गाईडशी, बोलून प्रश्न ठरला. दोन जोड्या, एका बाजूनेच इंटरफिअरन्स, आणि दोन रिसीव्हरच्या मध्ये ठरावीक क्षमतेची एक छोटी वायर, जिच्यावरून एक रिसीव्हर दुसऱ्याला थोडी मदत करू शकतो. नऊ महिने मी त्यावर काम केलं. सप्टेंबरमध्ये एका जुन्या पेपरच्या संदर्भसूचीत सहज नजर फिरवताना कळलं की हे जवळजवळ सगळं काही वर्षांपूर्वी होऊन गेलंय. वेगळ्या नावाने. ते लोक त्या वायरला रिले लिंक म्हणत होते आणि मी दुसरेच शब्द शोधत होते. सरांना मेल लिहायला मला दोन दिवस लागले. त्यांचं उत्तर दहा मिनिटांत आलं: "बरं झालं आत्ता कळलं. आता वायर बिघडवून बघ."

यातून शिकले ते असं. प्रश्न ठरवला की पहिल्या आठवड्यातच त्या चॅनेलची किमान पाच नावं लिहून काढा आणि प्रत्येकाने शोधा. संदर्भ मागे जाऊन वाचतो तसे पुढे येऊनही वाचा, म्हणजे जुन्या महत्त्वाच्या पेपरला नंतर कुणी कुणी संदर्भ म्हणून घेतलंय ते सगळं चाळा. एल गमाल आणि किम यांच्या नेटवर्क इन्फर्मेशन थिअरीच्या लेक्चर नोट्स २०१० पासून अर्काइव्ह (arXiv) या पेपरांच्या खुल्या साइटवर फुकट आहेत. कुठला चॅनेल सुटलाय आणि कुठला नाही याचा अंदाज घ्यायला तिथून सुरुवात करा.

वायर बिघडवायची म्हणजे काय, तर ती कधी चालू, कधी बंद, आणि पाठवणाऱ्यांना आधी कळणार नाही. २०२२ चा उन्हाळा खालच्या रेषेत गेला. निरोपाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या वेगावर असमानता मांडायच्या, मग मधले वेग एकेक करून काढून टाकायचे. याला फूरिए-मोट्झकिन एलिमिनेशन म्हणतात. एक चल काढला की असमानता कमी व्हायच्या ऐवजी वाढतात. मी पहिल्यांदा हाताने केलं, अकरा पानं झाली आणि पाचव्या पानावर एक अधिकचं चिन्ह हरवलं होतं. नंतर छोटा प्रोग्रॅम लिहिला. पण एकदा हाताने केल्याचा पश्चात्ताप नाही, कारण कुठली असमानता आपोआप पाळली जाते हे हातालाच कळतं.

मग कॉन्व्हर्स. हे काम एकाकी आहे. पद्धत शोधताना तुम्ही काहीतरी बांधत असता. कॉन्व्हर्समध्ये तुम्हाला जगातल्या सगळ्या पद्धतींबद्दल बोलायचं असतं, ज्या अजून कुणाला सुचल्याही नाहीत त्यांच्याबद्दलसुद्धा. नेहमीची युक्ती म्हणजे जिनी. एक जिनी येतो आणि रिसीव्हरला जास्तीची माहिती फुकट देतो, अशी कल्पना करायची. मदत मिळाली म्हणजे वेग वाढेल किंवा तेवढाच राहील, कमी होणार नाही, म्हणून मदतीसह काढलेली मर्यादा मूळ चॅनेललाही लागू पडते. कला एवढीच की जिनीने नेमकं किती द्यायचं. जास्त दिलं तर रेषा उगाच वर जाते, कमी दिलं तर गणित सुटत नाही. २००८ च्या त्या पेपरमध्ये जिनी पहिल्या रिसीव्हरला, त्याचा पाठवणारा दुसऱ्या रिसीव्हरवर जेवढा त्रास टाकतो, तेवढाच भाग देतो. बरोब्बर तेवढाच. हे पहिल्यांदा नीट समजलं त्या दिवशी मी आईला फोन करून सांगायचा प्रयत्न केला होता. आईने सगळं ऐकून घेतलं.

डिसेंबर २०२२ मध्ये माझी सिद्धता झाली असं मला वाटत होतं. आयएसआयटी ही या विषयातली मोठी वार्षिक परिषद, तिला पेपर साधारण जानेवारीअखेर द्यायचा असतो, मजकुराची पाच पानं. २७ डिसेंबरला रात्री मी आकृती काढायला बसले. आडव्या अक्षावर इंटरफिअरन्सची ताकद, उभ्या अक्षावर वेग, खाली निळी अचीव्हेबल रेषा, वर लाल कॉन्व्हर्सची. मोठ्या इंटरफिअरन्सला सगळं नीट होतं. डावीकडे, कमकुवत इंटरफिअरन्सच्या टोकाला, निळी रेषा लाल रेषेच्या वर गेली होती.

असं होऊच शकत नाही. जे कुणालाच जमणार नाही असं मी सिद्ध केलं होतं, ते माझीच पद्धत करून दाखवत होती. आधी वाटलं प्रोग्रॅममध्ये चूक असेल. पहाटे चारपर्यंत प्रोग्रॅम तपासला. चूक सिद्धतेत होती, सातव्या ओळीत. अट काढून टाकली की एन्ट्रॉपी, म्हणजे अनिश्चिततेचं माप, वाढते किंवा तेवढीच राहते, हा नियम मी वापरला होता आणि नियम बरोबर आहे. पण ज्या पदाची अट मी काढली त्याच्या मागे वजा चिन्ह होतं. वजा चिन्हामागे एन्ट्रॉपी वाढली की एकूण बेरीज घटते, आणि वरची मर्यादा काढताना बेरीज घटवायची परवानगी नसते. म्हणजे माझी लाल रेषा जिथे असायला हवी त्याच्या खाली सरकली होती. सकाळी सरांना ग्राफ दाखवला. त्यांनी तो पाहिला आणि एवढंच विचारलं, "कुठली ओळ?"

तेव्हापासून वहीचं पान मी उभं दुभागते. डावीकडे असमानता, उजवीकडे तिचं कारण: अट काढली, अट घातली, फॅनोची असमानता, स्वातंत्र्य, मार्कोव्ह गुणधर्म. आणि कारणाशेजारी त्या पदाचं चिन्ह, अधिक की वजा. शॅनन-प्रकारच्या, म्हणजे एन्ट्रॉपीच्या मूळ नियमांतून निघणाऱ्या, असमानता तपासणारे आयटीआयपीसारखे प्रोग्रॅमही आहेत, छोट्या पायऱ्यांसाठी ते जरूर वापरा. पण सगळ्यात आधी दोन्ही रेषा एका आकृतीत काढा. मी ती आकृती सप्टेंबरमध्ये काढली असती तर तीन महिने वाचले असते.

जानेवारी २०२३ मध्ये घाईने सैल मर्यादा घालून पेपर पाठवला. एप्रिलमध्ये नकार आला. तीन परीक्षणं होती. दोघांचं म्हणणं एकच: गॅप फार मोठी आहे, इंटरफिअरन्स वाढेल तशी वाढतही जाते, मग यातून नवं काय कळलं? वाचून राग आला, कारण ते बरोबर होतं. परीक्षणं आली की पहिल्या दिवशी उत्तर लिहू नका. मी ती छापून घेतली, कपाटात ठेवली आणि आठवड्याने काढली. तोपर्यंत रागातले शब्द गळून गेले होते, मुद्दे उरले होते.

तो उन्हाळा वाईट गेला. बरोबरची मुलं नोकरीला लागली होती, घरी येणारा प्रत्येक पाहुणा "अजून किती?" विचारायचा. बाबांनी कधी विचारलं नाही. जुलैत मी संस्थेच्या समुपदेशकाकडे जायला लागले, सहा वेळा गेले. हे लिहिते आहे कारण मी जायला एक वर्ष उशीर केला. तिथे गेल्याची नोंद प्रगती अहवालात जाईल, ही मला असलेली भीती निराधार होती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सुटलं. सुटलं ते सुद्धा फार छोट्या बदलाने. माझा जिनी सगळ्या वेळेला सारखीच मदत देत होता. वायर चालू असते तेव्हा रिसीव्हरला तीच माहिती वायरवरून थोडीफार मिळालेलीच असते, मग जिनीने पुन्हा का द्यायची? फक्त वायर बंद असलेल्या क्षणांनाच जिनी आणला. नको असलेली पदं एकमेकांना खाऊन गेली आणि गॅप प्रत्येकामागे दोन बिटांच्या आत आली, इंटरफिअरन्स कितीही असला तरी. १९ ऑक्टोबर, दुपारचे तीन. लगेच विश्वास ठेवला नाही. दोन दिवस वही बंद ठेवली, मग कोऱ्या पानावर पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. मग आकृती काढली. लाल रेषा सगळीकडे वर होती.

जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा पाठवला, एप्रिलमध्ये स्वीकारला गेला. परिषद ७ ते १२ जुलै, अथेन्सला. इथून कागदांचं पर्व सुरू झालं. शेंगेन व्हिसासाठी निमंत्रणपत्र, संस्थेचं ना-हरकत पत्र, किमान ३०,००० युरोचा प्रवास-विमा, बँक स्टेटमेंट, तिकीट आणि राहण्याचं बुकिंग. माझ्या खात्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून बाबांचं स्टेटमेंट आणि खर्चाची हमी देणारं त्यांचं पत्र जोडलं. व्हिसा फी मे महिन्यात ८० युरो होती, ११ जूनपासून ९० झाली. मे महिन्यात अर्ज केला म्हणून वाचले. ना-हरकत पत्राला सह्या चार टेबलांवर लागल्या आणि चौदा दिवस गेले. पेपर स्वीकारला गेल्याचा मेल आला त्याच दिवशी तो अर्ज टाका, व्हिसाच्या तारखेची वाट बघू नका.

नोंदणी, विमान, राहणं, व्हिसा सगळं धरून एक लाख चाळीस हजारांच्या आसपास खर्च आला. प्रवासासाठी मी अनुदानाचा अर्ज केला होता. मंजुरीचं पत्र मी परत आल्यावर मिळालं आणि पैसे त्यानंतर चार महिन्यांनी. मधल्या काळात भावाचे साठ हजार अडकले. आणि एक चूक माझी: सरकारी पैशाने विमानप्रवास करायचा तर तिकीट बाल्मर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स अँड टूर्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच काढावं लागतं. मी स्वस्त मिळालं म्हणून भलत्याच साइटवरून काढलं, आणि तिकिटाच्या पैशांवर फुली बसली. बोर्डिंग पास जपून ठेवा, सगळे, मधल्या विमानतळाचेसुद्धा. परिषदेकडूनही विद्यार्थ्यांना प्रवासासाठी मदत मिळते, तिचा अर्ज वेगळा असतो. तो मला उशिरा कळला.

अथेन्समध्ये ऊन कराडच्या मेसारखं होतं. माझं भाषण वीस मिनिटांचं, खोलीत तीसेक माणसं. दुसऱ्या स्लाइडवरच मी ती दोन रेषांची आकृती ठेवली. शेवटी एका वयस्क बाईंनी विचारलं, "जिनी फक्त बंद वेळेलाच का?" मी सांगितलं, आणि त्या मान हलवून वहीत काहीतरी लिहायला लागल्या. मला तेवढं पुरेसं झालं. त्या वर्षीचं शॅनन व्याख्यान अँड्र्यू बॅरन यांचं होतं. त्यातलं अर्धं मला कळलं नाही, पण ज्यांची नावं पाच वर्षं कागदावर वाचली ते लोक पुढच्या रांगेत बसून नोट्स काढताना दिसले.

परत आले आणि पाच वर्षं पूर्ण झाल्यामुळे स्टायपेंड थांबला. या विषयात पाच वर्षांत संपवणारे आहेत, पण बऱ्याच जणांचं सहावं वर्ष लागतं आणि त्या वर्षाची सोय आधीच बघावी लागते. ऑगस्टपासून मी सरांच्या प्रोजेक्टवर काम घेतलं. सकाळी प्रोजेक्ट, संध्याकाळी प्रबंध.

सप्टेंबर २०२४ मध्ये जर्नलला मोठा पेपर पाठवला, ४१ पानं. पहिली परीक्षणं मार्च २०२५ मध्ये आली, सहा महिन्यांनी. या क्षेत्रात हे उशीर म्हणत नाहीत, कारण परीक्षक खरंच ओळ न् ओळ तपासतात. एकाने पुरवणीतल्या एका पायरीवर बोट ठेवलं, जिथे मी मर्यादा आणि बेरीज यांची अदलाबदल कारण न देता केली होती. बरोबर होती, पण कारण द्यायला तीन पानं लागली. उत्तराचं पत्र तेवीस पानांचं झालं. परीक्षकाचं प्रत्येक वाक्य चौकटीत, खाली आपलं उत्तर, खाली पेपरमधला बदललेला मजकूर जसाच्या तसा, म्हणजे त्यांना पानं उलटावी लागत नाहीत. ऑगस्टमध्ये स्वीकारलं.

दरम्यान फेब्रुवारीत सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा सारांश, एप्रिलमध्ये प्रबंध जमा. साम्य तपासणीचा अहवाल ३८ टक्के आला आणि पोटात गोळा आला. ते साम्य माझ्याच अर्काइव्हवरच्या पेपरशी होतं. स्वतःचं प्रकाशन वगळून पुन्हा तपासणी करून, गाईडच्या सहीचं पत्र जोडावं लागतं. त्यात नऊ दिवस गेले, ते धरूनच चाला. दोन परीक्षकांपैकी एकाचा अहवाल सहा आठवड्यांत आला, दुसऱ्याचा जुलैअखेर. तोपर्यंत रोज सकाळी पोर्टल उघडून बघायचे. नो-ड्यूजवर, म्हणजे काही देणं बाकी नसल्याच्या फॉर्मवर, अकरा सह्या. ग्रंथालयाची एक जुनी पावती सापडेपर्यंत दोन दिवस.

व्हायवा खुला असतो, म्हणून आई-बाबा आले होते, शेवटच्या रांगेत बसले. परीक्षकांनी दीड तास विचारलं. शेवटचा प्रश्न असा होता की उरलेल्या दोन बिटांपैकी दोष कुणाचा, पद्धतीचा की मर्यादेचा? मी सांगितलं की सिद्धता माझ्याकडे नाही, आणि मला काय वाटतं आणि का, ते फळ्यावर मांडलं.

बाहेर आल्यावर बाबांनी चहा घेता घेता विचारलं, "म्हणजे त्या दोन रेषा अजून मिळाल्या नाहीत ना?"

"नाही बाबा. थोडी गॅप आहे अजून."

"मग वरची खाली यायची की खालची वर जायची?"

परीक्षकांना दिलेलंच उत्तर त्यांना दिलं. मला वाटतं, वरची खाली यायची. मधल्या आवाजाच्या पट्ट्यात माझा जिनी अजूनही जरा जास्त देतोय. बाबांनी कपाखालच्या कागदी रुमालावर ते दोन स्टेशनांसारखं काढून बघितलं आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला.